भुलाबाईच्या महिन्यात मुलींचा 'दिसण्या'वरचा उपक्रम: कसा बसवावा?

रानमेथी
यवतमाळ जिल्ह्यातलं दीड हजार वस्तीचं गाव आहे. आठवी ते दहावीच्या सोळा मुली. काळी, जाडी, काडी, बुटकी हे घरीदारी इतकं ऐकलंय की फोटोला उभ्या राहत नाहीत आणि खेळाच्या तासाला पोट दुखतं म्हणून बसून राहतात. आता त्यांनाच यावर काहीतरी करायचंय, आणि गावासमोर करायचंय. हाताशी आहे ते एवढं: भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी हा भुलाबाईचा महिना (मुली भुलाबाईची मूर्ती मांडून गाणी म्हणतात तो), ग्रामपंचायतीच्या वाचनालयाची दहा बाय सहा फुटांची भिंत, आणि दोनेक हजार रुपये. मुलींची कल्पना अशी आहे: मोठ्या कागदावर एकीने झोपायचं, दुसरीने तिच्या अंगाची कड पेन्सिलने काढायची, आत 'मी सुंदर आहे' वगैरे लिहायचं आणि सोळाही कागद ओळीने टांगायचे. काय चुकू शकतं ते आधीच सांगा.

पऱ्हाटी
अंगाची कड काढण्याचा प्रकार सोडून द्या. शिबिरांमध्ये तो फार चालतो, पण ओळीने टांगलेल्या कागदांवरचा मजकूर कोणी वाचत नाही. कोणाची कड केवढी, हेच बघतात. शिवाय कड खरी येतच नाही. पेन्सिल तिरपी धरली की रेघ अंगापासून दोनतीन सेंटिमीटर लांब पडते, त्यात सलवारचा घेर. मुलगी आहे त्यापेक्षा रुंद दिसते आणि तोच कागद गावभर होतो. कड काढणारीचा हात अंगाला लागतो ते वेगळंच, आणि नको असलं तरी सगळ्यांसमोर नाही म्हणवत नाही.

दुसरं, 'मी सुंदर आहे' या वाक्याने मोजपट्टी तीच राहते. परीक्षा सुंदरतेचीच, फक्त सगळ्यांना पास केलं. मुलींची अंगं प्रदर्शनाला लावू नका. गावाची बोलणी लावा.

त्यासाठी टोमणेपेटी करा. बुटाचा रिकामा खोका घ्या, झाकणाला चार इंचांची चीर. एकाच वहीची पानं फाडून सारख्या चिठ्ठ्या आणि सगळ्यांना एकाच रंगाचं पेन. हे महत्त्वाचं, कारण गुलाबी चिठ्ठी कोणाची ते लगेच कळतं. प्रत्येकीने तीन चिठ्ठ्या लिहायच्या: ऐकलेलं एक वाक्य, शब्द न बदलता. कोण बोललं, ते लिहायचं नाही. लिहिण्यासारखं नसेल तर कोरी चिठ्ठी टाकायची, म्हणजे पेटीत चिठ्ठ्या बरोबर 48 राहतात आणि कोणी टाकली नाही ते उघडं पडत नाही. पेटी उपक्रम घेणाऱ्या ताईंनी एकटीने उघडायची आणि सगळं स्वतःच्या अक्षरात उतरवून मूळ चिठ्ठ्या जाळून टाकायच्या. सोळा जणींत हस्ताक्षर लपत नाही.

मग ढीग लावा: रंग, जाडी-बारीकपणा, उंची, चेहरा-केस-पुटकुळ्या, आणि 'लग्न कसं होईल'. शेवटचा ढीग सगळ्यात मोठा निघाला तर नवल वाटून घेऊ नका.

एक अपवाद. अंगाला हात लावणं, घाणेरडं बोलणं, पाठलाग असं काही चिठ्ठीत आलं तर ती चिठ्ठी ढिगात टाकायची नाही आणि जाळायचीही नाही. ती उपक्रमाची सामग्री नाही. शाळेच्या सखी सावित्री समितीकडे (मुलींच्या सुरक्षेसाठीची समिती) न्या. अत्याचाराचं कळलं तर पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, 'गावात बोभाटा नको' ही सबब चालत नाही. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा 1098 क्रमांक पेटीच्या झाकणावरच लिहून ठेवा. आणि अशी चिठ्ठी आम्ही लपवणार नाही, हे मुलींना लिहायच्या आधी सांगा.

ज्वारीचं_धांडं
पेटी झाली की भुलाबाई. गाणी तयार चालीवर बसतात, पोरींना चाली तोंडपाठ असतात, त्यामुळे फक्त शब्द बदलायचे. चाल एकच घ्या, ती सोप्यातली सोपी. सवाल-जवाबाची घेतली तर उत्तम, कारण अर्ध्या पोरी टोमणा म्हणतात आणि अर्ध्या उत्तर देतात. नमुना, वऱ्हाडीत:

काया दंडाची कोन वो बाई, कोन वो बाई?
बोरिंगचं पानी आनते, थेच वो बाई, थेच वो बाई.
लांब टांगेची कोन वो बाई, कोन वो बाई?
कबड्डीत हात लावून पयते, थेच वो बाई, थेच वो बाई.

ओळ टाळ्यांच्या आठ ठेक्यांत बसली पाहिजे. ओळ त्याहून लांबली की श्वास पुरत नाही आणि शेवटचा शब्द गिळला जातो, तोच नेमका महत्त्वाचा असतो. कडवी सहा पुरेत. सोळा मुलींचे चार गट करून प्रत्येक गटाला दोन ढिगांतले टोमणे द्या, गटाला सहा अशी चोवीस कडवी येतील, त्यातली सहा मतदानाने निवडा. टोमण्याला उलटा टोमणा द्यायचा मोह होतो ('तूच जाडी, तुझी आई जाडी'), तो आला की गाणं पडलं म्हणून समजा. उत्तरात अंग काय *करतं* ते यायला हवं. कसं दिसतं, ते नको.

सरावाला रोज वीस मिनिटं, सहा दिवस. सोयाबीनची कापणी सुरू झाली की संध्याकाळी निम्म्या मुली येत नाहीत. म्हणून मुख्य सरावाला शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतरचा वेळ धरा आणि प्रत्येक कडवं निदान तिघींना पाठ ठेवा.

बोरगावचा_बंड्या
सारं मस्त हाय बाप्पा, पन इथं पोट्ट्याइच्या अंगात रगत नाही अन् तुमी गाने बसवून रायले. पयले त्याइले खाऊ घाला, मंग दिसन्याचं पाहा.

सिस्टर_ताई
बंड्याभाऊ, रागाचं कारण बरोबर आहे, पण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. 'पोट सुटेल' म्हणून सकाळी उपाशी शाळेत येणारी मुलगी आणि प्रार्थनेला चक्कर येऊन पडणारी मुलगी पुष्कळदा एकच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींमध्ये रक्त कमी निघालं. या वयाच्या मुलीला हिमोग्लोबिन 12 ग्रॅम तरी हवं.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी म्हणजे 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात ती दप्तरात जाते. गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको, लिंबू-आवळा चालतो. शौचाला काळं होतं, त्याने घाबरायचं नाही. गोळीने मुलगी जाड होत नाही, काळीही पडत नाही. हा समज असेल तर एक कडवं यावर करा.

विदर्भापुरती एक गोष्ट वेगळी सांगते. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्या मुली बऱ्याचदा उंचीने कमी, अंगाने बारीक असतात, डोळे पिवळसर दिसतात, पाळी उशिरा येते. त्यांनाच 'काडी' आणि 'पिवळी' ऐकावं लागतं. सोळांत अशी कोणी असेल तर तिला 'खात नाही म्हणून अशी' हे गाण्यातही नको. आणि तिने लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

वाढीचं गणित मुलींना नीट सांगा, निम्मी भीती तिथेच जाते. उंची झपाट्याने वाढते ती पाळी सुरू होण्याच्या आधीच्या वर्षा-सहा महिन्यांत. पाळी आल्यावर वाढ मंदावते, थांबत नाही. साधारण पाच ते सात सेंटिमीटर पुढेही वाढतात. कंबर रुंद होणं, मांड्या भरणं, चरबी वाढणं हा या वाढीचाच भाग. दहावीच्या मुलीला मोठ्यांच्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन) 18.5 आणि 25 या मर्यादा लावायच्या नाहीत. 5 ते 19 वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे 2007 चे वयानुसार तक्ते आहेत, आरोग्य तपासणीच्या पथकाकडे ते असतात.

वजनाचा आकडा वर्गात मोठ्याने वाचला की महिनाभराच्या गाण्यांवर पाणी पडतं. काटा पडद्यामागे, आकडा चिठ्ठीवर, चिठ्ठी दुमडून हातात.

मानेवर, काखेत काळसर, मखमली, जाडसर पट्टा दिसतो त्याला 'मळ' म्हणून आया दगडाने घासतात. तो मळ नसतो. बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते, घासून कातडी सोलते, पट्टा जात नाही. अशी मुलगी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकला पाठवा. ते किशोरवयीनांसाठीच असतं.

पऱ्हाटी
सिस्टर, मलमाबद्दलही लिहा. मेडिकलमधून 'गोरं करणारी ट्यूब' मुली गुपचूप आणतात.

सिस्टर_ताई
हो, ते राहिलंच. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं मुलींना वाचायला लावा, हाच एक चांगला उपक्रम आहे. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काही दिसलं की ते स्टेरॉइड. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत मोमेटासोन असलेली तिहेरी ट्यूब खूप खपते. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो आणि तिथेच फसगत होते. मग कातडी पातळ, लाल, उन्हात जळजळ, पुटकुळ्या, गालावर लव. बंद केली की सगळं उसळतं, म्हणून मुलगी परत लावते. 2018 मध्ये अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये गेली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आधीच लावत असेल तर ओरडू नका, जिल्हा रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

जाहिरातीपण बघायला लावा. सावळ्या मुलीला दुःखी, मागे पडलेली दाखवायचं नाही, असे नियम जाहिरात क्षेत्राच्या आपल्याच परिषदेने 2014 मध्ये केले. 2020 मध्ये सगळ्यात मोठ्या क्रीमने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. नाव बदललं, पण जाहिरातीतला चेहरा किती बदलला, ते मुलींनाच ठरवू द्या.

जुना_कॅमेरा
मोबाइलचा प्रयोग जरूर करा, अर्ध्या तासाचा आहे आणि खर्च शून्य. पण कोणा मुलीचा चेहरा घेऊ नका, भुलाबाईची मूर्तीच घ्या. मूर्ती खिडकीसमोर ठेवा. पहिला फोटो 30 सेंटिमीटरवरून, झूम न करता. दुसरा दीड मीटरवरून, आणि झूम करून चेहरा पहिल्याएवढा करायचा. अंतर शाळेतल्या मोजपट्टीने मोजा, अंदाजे नको. दोन्ही शेजारी ठेवले की पहिल्यात भुलाबाईचं नाक फुगलेलं आणि कान मागे गेलेले दिसतात. मूर्ती तर तीच. 2018 मध्ये छापून आलेल्या एका गणितानुसार 30 सेंटिमीटरवरून घेतलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरच्या तुलनेत सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. कारण साधं: नाक कानापेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असतं, आणि अंतर कमी असलं की तेवढाच फरक फार मोठा होतो.

यानंतर ताईंनी स्वतःचा सेल्फी घ्यायचा. ब्यूटीची पट्टी आधी पूर्ण, मग शून्यावर. स्वस्त फोनांत ती खरेदी करतानाच चालू असते, बंद कुठे करायची ते सेटिंगमध्ये शोधावं लागतं. काय काय बदललं याची यादी मुलींकडून करून घ्या: डोळे, हनुवटी, रंग. रंग न सांगता उजळतो हे त्या स्वतःच हेरतील.

मुलींचे फोटो स्टेटसला नकोत. पालकांची लेखी संमती असली तरी नकोत, कारण एकदा गेलेला फोटो गावाच्या गटात फिरतो आणि खाली प्रतिक्रिया त्याच येतात.

कुंचलेवाला
भिंतीबद्दल. भाद्रपदात भिंत रंगवू नका, ओल असते. एक फूट बाय एक फूट प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवून रात्रभर ठेवा; सकाळी आतून दव दिसलं तर भिंत ओली आहे, डिस्टेंपर फुगून पापुद्रे सुटतील. लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) लागला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतला तर परत आत मुरतो. जुना चुना बोटाला लागत असेल तर खरवडल्याशिवाय पुढे जायचं नाही. चुन्यावर डिस्टेंपर टिकतच नाही, चुना सुटला की सगळं घेऊन खाली येतं.

साठ चौरस फुटांना अर्धा लिटर सिमेंट प्रायमर आणि रंगाच्या दोन हातांसाठी (थरांसाठी) दीड-दोन किलो पांढरं डिस्टेंपर लागतं. किलोला साधारण अर्धा लिटर पाणी, दोन हातांमध्ये पाच-सहा तास. रंगासाठी स्टेनरच्या बाटल्या: पिवळा ऑकर, तांबडा ऑक्साइड, निळा, काळा. किलोला 50 मिलीच्या वर स्टेनर टाकला की रंग वाळूनही हाताला लागतो. कळीचा चुना मुलींकडून विरघळवून घेऊ नका, उकळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जातो. उडालाच तर निदान वीस मिनिटं पाण्याने धुवा आणि तसंच दवाखाना.

चित्र काय काढायचं? कोपरापासून खाली नुसते हात. सोळा हात, प्रत्येक काहीतरी करणारा: बोरिंगचा दांडा, सायकलचं हॅंडल, टिपरी, विळा, खडू, खो-खोचा खांब. सोळाही हात वेगळ्या छटेचे. खडूच्या पेटीत 'स्किन कलर' म्हणून जो फिकट गुलाबी खडू येतो तो बाजूला ठेवा. तो रंग सोळांतल्या एकीचाही नसतो. छटा अशी करा: दहा चमचे पांढरा, चार चमचे ऑकर घातलेला, तीन चमचे तांबडा घातलेला. ही मधली छटा झाली. गडद करायला नुसता काळा टाकू नका, ऑकरमध्ये काळा पडला की शेवाळी होतं आणि हात मेल्यासारखा दिसतो. तांबडा वाढवा आणि निळ्याचे थेंब टाका. वाळल्यावर छटा बदलते, म्हणून आधी पुठ्ठ्यावर लावून वाळवून बघा. आणि हात फिकटाकडून गडदाकडे ओळीने लावू नका, परत रांगच होईल. विखरून काढा.

अक्षरं: वीस फुटांवरून रस्त्याने जाणाऱ्याला वाचता यायला तीन इंच उंची हवी. मात्रा-वेलांट्यांसकट ओळीला सात इंच धरा. हातांना जागा सोडली की चारच ओळी बसतात, त्यामुळे गाण्याची दोनच कडवी घ्या. ओळ सरळ येण्यासाठी गेरूत भिजवलेला दोरा दोन टोकांना ताणून मधून सोडायचा, रेघ उमटते.

ज्वारीचं_धांडं
छटांना नावं द्या की! मोहाचं फूल, गूळ, चिंच, तेंदूपान...

पऱ्हाटी
नको. शाळेत दुसऱ्या दिवसापासून 'ए चिंच' सुरू होईल. हातांना नाव द्यायचंच तर कामाचं द्या.

ज्वारीचं_धांडं
पटलं. मागे घेतो.

रानमेथी
सगळ्यांचे आभार. मग असं ठरतंय: कडा रद्द. पहिल्या शनिवारी पेटी, दुसऱ्या शनिवारी मोबाइल आणि ट्यूब, पुढचे दोन गाणी. भिंत कोजागिरीच्या आसपास, प्लॅस्टिकची परीक्षा पास झाली तरच. दोन प्रश्न उरलेत. काही मुली जेवण टाळतात, उलट्या काढतात असंही कानावर आहे, त्यावर एक छोटं नाटक करावं का? आणि खिरापतीचं काय? आमच्याकडे खाऊ ओळखायचा खेळ रंगतो, पण 'तू कमी खा' तिथेच सुरू होतं.

सिस्टर_ताई
नाटक नको. उलटी कशी काढतात, किती दिवस उपाशी राहतात हे मंचावर दाखवलं की जिला माहीत नव्हतं तिलाही कळतं. ती मुलगी कोण हे कळलं असेल तर आईला सोबत घेऊन मैत्री क्लिनिक, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर बोला, मराठीतून बोलता येतं. चक्कर, सलग तीन महिने पाळी बंद, थोड्या दिवसांत कपडे ढिले होणं यातलं काही असेल तर थांबू नका.

नाटकाऐवजी पत्र लिहून घ्या: प्रत्येकीने पाचवीतल्या एका मुलीला एक पानाचं पत्र, 'तुला कोणी अमुक म्हणालं तर'. मोठ्यांचं व्याख्यान ऐकण्यापेक्षा मुलींनी स्वतःच्या तोंडाने या मापांच्या विरोधात बोलणं, लिहिणं जास्त टिकतं. शरीर-प्रतिमेवरचे जे कार्यक्रम अभ्यासून पारखले गेलेत त्यांचा गाभा हाच आहे.

ज्वारीचं_धांडं
खिरापतीला सोळा जणींना अर्धा किलो भाजलेले शेंगदाणे आणि पाव किलो गूळ, लाडू वळून. लाडू आधीच सारखे वळले की कोणी किती घेतलं हा विषयच उरत नाही. डबा हलवून आवाजावरून ओळखायचं असेल तर लाडू कडक वळा, नाहीतर आवाज येत नाही आणि पोरी चिडतात.

बोरगावचा_बंड्या
लाडू हाय म्हनता? मंग माही भिंतीले मदत पक्की. खरवडाले दोन पोट्टे घेऊन येतो. पन खाली फूटभर पट्टा गेरूचा गडद मारजा. खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या तिथंच पडतेत, पांढऱ्यावर लगेच दिसतेत.

कुंचलेवाला
बरोबर बोलला. पट्टा गडदच, आणि तिथे चित्र नको, पावसाचे शिंतोडेही तिथेच उडतात. पाव किलो पांढरं आणि हातांच्या छटा छोट्या डब्यांत झाकण घट्ट लावून ठेवा, वर हाताचा नंबर लिहा. दिवाळीपर्यंत कोणीतरी भिंतीवर ट्रॅक्टर भाड्याचा मोबाइल नंबर लिहिणारच.